तीन तासांचा ‘कॅमलॉट’ पुन्हा दाखवताना : एका चित्रपट मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातल्या चित्रपट मंडळाचं आहे. ओळख पटू नये म्हणून शहर, सभागृह आणि माणसं यांचे तपशील गाळले आहेत. मंडळ महिन्यातून एक चित्रपट दाखवतं. सभासद बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, थोडे महाविद्यालयीन विद्यार्थी. इंग्रजी वाचायला कुणाला अडचण नाही, पण ब्रिटिश उच्चार कानाने पकडताना अनेकांची दमछाक होते. सभागृह सव्वाशे खुर्च्यांचं, पडदा बारा फूट रुंद.

चित्रपट होता १९६७ चा ‘कॅमलॉट’. राजा आर्थर, राणी ग्विनेव्हिअर आणि सरदार लॅन्सलॉट या तिघांची जुनी दंतकथा : राणी आणि लॅन्सलॉट यांच्या प्रेमातून राज्य कोसळतं. तिच्यावर टी. एच. व्हाइट यांनी लिहिलेल्या कादंबरीवरून अॅलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोव यांनी संगीतिका रचली. ती डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आली आणि तिचे ८७३ प्रयोग झाले. वॉर्नर ब्रदर्सने तिचा चित्रपट केला. दिग्दर्शक जोशुआ लोगन, निर्माता खुद्द जॅक वॉर्नर. रंगमंचावरचे रिचर्ड बर्टन आणि ज्युली अँड्र्यूज पडद्यावर आले नाहीत. त्यांच्या जागी रिचर्ड हॅरिस आणि व्हेनेसा रेडग्रेव्ह, आणि लॅन्सलॉटच्या भूमिकेत इटलीचा फ्रँको नीरो. लांबी १७९ मिनिटं. कला दिग्दर्शन, वेशभूषा आणि संगीत रूपांतर अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली. समीक्षकांचं मत मात्र तेव्हाही विभागलेलं होतं आणि आजही आहे.

मंडळाने हा चित्रपट एकदा दाखवला आणि तो खेळ फसला. कार्यकारिणीने तोच चित्रपट पुन्हा दाखवायचं ठरवलं, तेव्हा नेमकं काय बदलायचं यावर बराच खल झाला. ते निर्णय इथे मांडले आहेत.

पहिल्या खेळात काय बिघडलं

निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या त्या उत्तरार्ध सुरू होण्याआधीच. सभासदांनी दिलेलं कारण एकच होतं : लांब आणि कंटाळवाणा. कार्यकारिणीतल्या काहींनी ते तसंच मान्य केलं. पण त्या संध्याकाळची उजळणी केल्यावर चार वेगळ्या गोष्टी पुढे आल्या, आणि त्यांतल्या तीन गोष्टींत चित्रपटाचा दोषच नव्हता.

पहिली गोष्ट आवाजाची. डिस्कवरचा ध्वनी सहा वाहिन्यांचा, म्हणजे सहा वेगळ्या स्पीकरांसाठी वाटलेला. प्लेअरच्या मागच्या सहा सॉकेटांपैकी पुढच्या डाव्या-उजव्या दोनच वायरी सभागृहाच्या अॅम्प्लिफायरला जोडल्या होत्या. अशा मिश्रणात संवाद आणि गाणाऱ्याचा आवाज मुख्यतः मधल्या वाहिनीत असतो, आणि तीच वाहिनी कुठेच जोडलेली नव्हती. त्यामुळे वाद्यवृंद दणदणीत आणि गाणारा दूर कुठेतरी. आवाज वाढवला की वाद्यंच वाढत होती. हॅरिस या चित्रपटात अर्धी वाक्यं पुटपुटतो, ती तर पूर्ण गेली.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. हा चित्रपट ‘रोडशो’ पद्धतीने प्रदर्शित झाला होता. मोठ्या शहरातल्या मोजक्या थिएटरांत, आगाऊ आरक्षण करून, नाटकासारखा. म्हणून त्याला सुरुवातीचं वाद्यसंगीत आहे, मध्यंतर आहे, मध्यंतरानंतर पुन्हा वाद्यसंगीत आहे आणि शेवटी लोक बाहेर पडतानाचंही आहे. पडद्यावर काही घडत नाही आणि नुसतं संगीत वाजतंय हे पाहून ऑपरेटरला बिघाड वाटला. त्याने पुढचा भाग लावला. मध्यंतराच्या पाटीलाही तेच झालं, आणि जे थांबले ते तीन तास सलग बसून राहिले.

तिसरी गोष्ट चित्राची. प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’ मोडवर होता आणि मागच्या दाराच्या फटीतून संधिप्रकाश येत होता. या चित्रपटात बर्फाळ जंगल, मेणबत्त्यांच्या उजेडातलं लग्न, पहाटेपूर्वीची रणभूमी असे अंधारे प्रसंग पुष्कळ आहेत. ते सगळे करडे आणि हिरवट दिसले.

चौथी गोष्ट चित्रपटाचीच, आणि ती बदलता येणारी नव्हती. सूर सारखा बदलतो. पूर्वार्ध खट्याळ, उत्तरार्ध शोकांतिकेकडे जाणारा. लोगनचा कॅमेरा चेहऱ्यांना इतका चिकटतो, की एवढा खर्च करून उभारलेला किल्ला कित्येकदा दिसतच नाही. ही तक्रार रास्त आहे, आणि मंडळाने ती नाकारण्याचा प्रयत्न केला नाही हे बरं झालं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय : काटछाट करून दोन तासांत बसवणं. काही सभासदांचा याला पाठिंबा होता. तो दोन कारणांनी बाजूला पडला. हक्कधारकाकडून परवानगी मिळते ती चित्रपट जसा आहे तसा दाखवण्याची, कापण्याची नव्हे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. इथे गाणं कापलं की कथा तुटते. ग्विनेव्हिअर पहिल्यांदा पडद्यावर येते तेव्हा थट्टेच्या सुरात गाते. आपल्यासाठी कुणी सरदार झुंजले नाहीत, कुणाचं रक्त सांडलं नाही, याची तिला खंत आहे. तीन तासांनी तिच्यासाठी खरोखर युद्ध उभं राहतं. ते पहिलं गाणं गाळलं तर शेवटाची धार जाते.

दुसरा पर्याय : दोन संध्याकाळी, मध्यंतराला तोडून. हा वरवर पाहता सोयीचा. पण दुसऱ्या दिवशी तेच लोक परत येतील याची खात्री नव्हती, आणि सभागृहाचं भाडंही दुप्पट.

तिसरा पर्याय : चित्रपट सोडून रंगमंचावरच्या प्रयोगाचं चित्रीकरण दाखवणं. हॅरिसनेच पुढे आर्थरची भूमिका रंगमंचावर केली, आणि त्याचं १९८२ मध्ये दूरचित्रवाणीसाठी चित्रीकरण झालं आहे. पण ती वेगळी कलाकृती. जॉन ट्रस्कॉट यांनी केलेली वेशभूषा आणि नेपथ्य तिच्यात नाही, आणि चर्चा तर चित्रपटावरच करायची होती.

चौथा पर्याय, जो स्वीकारला गेला : पूर्ण चित्रपट, एकाच संध्याकाळी, रोडशोच्या मूळ रचनेसकट, पण प्रेक्षकांची आधी नीट तयारी करून.

हा निर्णय योग्य होता असं आमचं मत आहे. मराठी प्रेक्षकाला गाण्यासाठी थांबणारं नाटक परकं नाही. ‘संगीत सौभद्र’ १८८२ पासून चालत आलं आहे, आणि तिथेही राजघराण्यातला पेच आहे : सुभद्रेसाठी बलरामाने दुर्योधन ठरवलेला आणि तिचं मन अर्जुनावर. ज्या प्रेक्षकाला पदांसाठी थांबायची सवय आहे, त्याला ‘कॅमलॉट’ लांबीमुळे जड जात नाही. पदात काय म्हटलंय ते कळलं नाही तर जड जातो. फरक एवढाच की सौभद्र लग्नापाशी संपतं आणि इथे लग्नापासूनच गुंता सुरू होतो.

गाण्यांचा प्रश्न

म्हणून सगळ्यात जास्त वेळ गाण्यांवर गेला. डिस्कवर इंग्रजी उपशीर्षकं होती. मराठी उपशीर्षकं करून पडद्यावर दाखवावीत अशी सूचना आली. पण गीतांचं भाषांतर करून ते सार्वजनिक खेळात दाखवायचं तर गीताच्या हक्कधारकाची स्वतंत्र परवानगी लागते, आणि ती वेळेत मिळण्यासारखी नव्हती. त्याऐवजी स्वतःच्या शब्दांत गाण्यांच्या आशयाचं पत्रक काढलं. ओळी भाषांतरित करायच्या नाहीत. कोण, कुणाला उद्देशून, कशासाठी गातं आणि गाण्याच्या शेवटी काय बदललेलं असतं, एवढंच प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत.

एक उदाहरण. शीर्षकगीतात आर्थर भावी राणीला सांगतो की या नगरीत हवामानसुद्धा कायद्याने चालतं : पाऊस कधी पडावा, बर्फ कधी वितळावं, उन्हाळा किती लांबावा. पहिल्यांदा ऐकताना ही निव्वळ गंमत वाटते. पत्रकात एकच वाक्य जोडलं होतं : ‘सगळं काही कायद्याने चालणारं नगर ही आर्थरची कल्पना इथे विनोदाने येते, उत्तरार्धात हीच कल्पना त्याच्या अंगावर उलटते.’ बाकी काही सांगितलं नाही. चर्चेत सर्वाधिक वेळा याच गाण्याचा उल्लेख झाला.

पत्रक चार पानी, ए-फोर कागद दुमडून, अक्षर चौदा पॉइंटचं. अंधारात ते वाचता येत नाही, त्यामुळे चार दिवस आधी व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि दारात छापील प्रत दिली. शेवटच्या पानावर नावांची यादी होती, आणि तिचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. आर्थरला लहानपणी ‘वॉर्ट’ म्हणत, राणीला ‘जेनी’ म्हणतात, लॅन्सलॉटला ‘लान्स’. आर्थरचा जादूगार गुरू मर्लिन काळात उलटा जगतो, म्हणून त्याला भविष्य ‘आठवतं’. हे माहीत नसलं तर पहिला अर्धा तास प्रेक्षक कोण कोण आहे तेच शोधत बसतो.

तांत्रिक तयारी

आधी परवानगी. दुकानातून घेतलेली डिस्क घरी पाहण्यासाठी असते. ती घेतली म्हणून सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही. मंडळाने हक्कधारकाच्या प्रतिनिधीकडून तारीख, जागा आणि प्रेक्षकसंख्या नमूद असलेली लेखी परवानगी घेतली. याला लागणारा वेळ धरून तारीख ठरवावी, आधी तारीख जाहीर करू नये.

ध्वनी : प्लेअरच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘स्टीरिओ डाउनमिक्स’ केलं, म्हणजे मधल्या वाहिनीतले संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये समप्रमाणात मिसळतात. खात्रीसाठी आर्थर एकटा बोलतो तो एखादा शांत प्रसंग लावायचा, शेवटच्या रांगेत उभं राहून शब्द कळतात का पाहायचं, आणि मगच तीच पातळी ठेवून झुंजींच्या प्रसंगातली गर्दी ऐकायची. उलट क्रमाने केलं तर संवाद कमी पडतात. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा कापला, २ ते ४ किलोहर्ट्झचा जरा उचलला. व्यंजनं तिथेच ऐकू येतात, आणि घुमणाऱ्या सभागृहात खालचे सूर शब्द गिळतात. रिकामं सभागृह जास्त घुमतं, माणसं बसली की आवाज शोषला जातो. म्हणून चाचणीतल्या पातळीपेक्षा खेळाला आवाज थोडा वर ठेवावा लागतो.

चित्र : हा चित्रपट रुंद पडद्यासाठी, पॅनाव्हिजनमध्ये घेतलेला आहे, मोठ्या थिएटरांसाठी त्याच्या ७० मिलिमीटरच्या प्रती काढल्या होत्या. बारा फूट रुंद पडद्यावर १६:९ चा (रुंदी : उंची) प्रोजेक्टर पावणेसात फूट उंचीचं चित्र टाकतो. त्यात २.४:१ चं चित्र पाच फूट उंच बसतं आणि वर-खाली साधारण साडेदहा इंचांचे काळे पट्टे राहतात. ते पट्टे घालवण्यासाठी झूम करायचा मोह होतो. तो टाळावा. झूम केल्यावर दोन्ही कडांचे लोक कापले जातात, आणि प्लेअर उपशीर्षकं खालच्या पट्ट्यात टाकत असेल तर तीही पडद्याबाहेर जातात. मंडळाने वर-खाली काळं कापड लावून पट्टे झाकले. एवढ्यानेच चित्र उजळ वाटायला लागलं.

प्रोजेक्टर ‘सिनेमा’ मोडवर ठेवला. त्या मोडमध्ये प्रकाश बराच कमी होतो, त्यामुळे खोक्यावर लिहिलेल्या लुमेनच्या (प्रकाशाच्या मापाच्या) आकड्यावर जाऊ नये. एक्याऐंशी चौरस फुटांच्या साध्या पांढऱ्या पडद्याला अंधाऱ्या सभागृहात तेराशेच्या आसपास प्रत्यक्ष लुमेन पुरतात. दाराच्या फटीवर दुहेरी पडदा टाकला आणि खेळाची वेळ सूर्यास्तानंतर घेतली. ग्विनेव्हिअरच्या लग्नाच्या पोशाखात भोपळ्याच्या बिया गुंफलेल्या आहेत. तो सगळा पोत मेणबत्त्यांच्या उजेडात दिसतो. पहिल्या खेळात तिथे नुसता पांढरा डाग होता.

प्रास्ताविक : काय सांगायचं, काय राखून ठेवायचं

पहिल्या खेळाआधी वक्त्याने सांगितलं होतं की लॅन्सलॉटची गाणी फ्रँको नीरोने गायलेली नाहीत, तो आवाज जीन मर्लिनो यांचा आहे. माहिती बरोबर, पण त्यामुळे सभागृह प्रत्येक गाण्यात त्याचे ओठ पाहत बसलं. या वेळी ती चर्चेसाठी ठेवली.

शेवट सांगावा की नाही, यावर मतभेद होते. मात्र चित्रपट स्वतःच शेवटापासून सुरू होतो. लॅन्सलॉटच्या किल्ल्याबाहेर, युद्धाच्या पहाटे, आर्थर मर्लिनला हाक मारतो आणि मागे वळून पाहतो. मूळ प्रयोगात ही चौकट नव्हती. तिच्यामुळे ‘काय होणार’ हा प्रश्न संपतो आणि ‘हे इथवर आलं कसं’ हा सुरू होतो. म्हणून प्रास्ताविकात तेवढंच सांगितलं : उत्तर पहिल्या पाच मिनिटांत मिळेल, शोध कारणांचा आहे.

दंतकथेचा इतिहास मोजक्या वाक्यांत. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने लिहिलेल्या आर्थरच्या कथेत लॅन्सलॉट नाहीच. तिथे राज्य आणि राणी दोन्ही आपलीशी करतो तो मॉर्ड्रेड (त्या कथेत आर्थरचा भाचा, चित्रपटात त्याचा अनौरस मुलगा). राणीचा प्रियकर म्हणून लॅन्सलॉट आणला फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्रुआ याने, त्याच शतकाच्या उत्तरार्धात. पुढे थॉमस मॅलरीचा आर्थरकथांचा ग्रंथ १४८५ मध्ये मुद्रक विल्यम कॅक्स्टनने छापला आणि तो इंग्रजीतला मुख्य आधार झाला. एकूण प्रास्ताविक आठ मिनिटांचं, त्याहून एक मिनिटही जास्त नाही.

खेळाची संध्याकाळ

ऑपरेटरच्या हातात कागद होता : सुरुवातीचं संगीत वाजताना दिवे अर्धे, पहिलं दृश्य आलं की पूर्ण बंद, मध्यंतराच्या पाटीला प्लेअर थांबवायचा आणि दिवे लावायचे. सुरुवातीच्या संगीताआधी मंचावरून सूचना दिली की पडद्यावर काही नसेल, हा बिघाड नाही. लोक त्या मिनिटांत स्थिरावले. उशिरा येणारेही तेवढ्यात बसले.

मध्यंतर येतं ते झुंजींनंतर, लॅन्सलॉटला सरदारकी दिल्यानंतर. आर्थरला दोघांच्या नजरेतलं कळलेलं आहे. तो एकटाच आहे आणि ठरवतो की सूड घ्यायचा नाही. आपण राजा आहोत, सुसंस्कृत राज्य उभं करायला निघालो आहोत. तिथे दिवे लागले तेव्हा सभागृहात कुजबुज सुरू झाली, ती चहाबद्दल नव्हती. नाटकासारखी रचना जपायची कशासाठी, याचं उत्तर त्या क्षणी मिळालं. पहिल्या खेळात हा प्रसंग सरळ पुढच्या दृश्यात मिसळून गेला होता.

पंधरा मिनिटांचं मध्यंतर मात्र पुरलं नाही. शंभरावर माणसं आणि चहाचं एकच टेबल. माणशी दहा सेकंद धरले तरी सतरा-अठरा मिनिटं होतात. मध्यंतरानंतरचं वाद्यसंगीत घंटेसारखं वापरलं, तरी काही जण अंधारात चाचपडत आत आले. त्यातच उत्तरार्धातलं लॅन्सलॉटचं मोठं प्रेमगीत सुरू झालं होतं.

निष्पत्ती

उत्तरार्धाला निघून गेलेले मोजके, तेही बहुतेक शेवटच्या बसमुळे. चर्चेला साठेक लोक थांबले. चर्चा ‘राणीचं चुकलं का’ यावर अडकेल अशी भीती होती. ती लगेचच पुढे सरकली. आर्थरने आणलेल्या नव्या न्यायव्यवस्थेत राजद्रोहाची शिक्षा राणीलाही आहे, आणि मॉर्ड्रेड त्याला नेमकं त्याच फटीत पकडतो : राणीला जाळलं तर सगळं गेलं, सोडलं तर कायदा गेला. लॅन्सलॉट येऊन तिला सोडवेल याची आर्थर मनातून वाट पाहतो, म्हणजे स्वतःचाच कायदा दुसऱ्याने मोडावा अशी आशा करतो. यावर एका निवृत्त न्यायालयीन कर्मचाऱ्याने आणि दोन विद्यार्थ्यांनी जो वाद घातला, तो त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग होता. प्रेमाचा त्रिकोण आमच्या मते या कथेचं दार आहे. आत आहे तो कायदा करणाऱ्याने स्वतःला अपवाद करावं की नाही, हा प्रश्न.

‘चेहरे फार जवळून’, ‘विनोद ओढूनताणून’ या तक्रारी पुन्हा आल्या. त्या खऱ्या आहेत. पण ‘काही कळलं नाही’ ही तक्रार एकाचीही नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

मध्यंतर वीस मिनिटांचं आणि चहाची दोन टेबलं, दाराच्या बाहेर. पत्रकात प्रत्येक गाण्यापुढे ते पूर्वार्धात आहे की उत्तरार्धात, एवढी खूण हवी होती. मध्यंतरात लोक पुढच्या गाण्यांचा आशय पुन्हा वाचू पाहत होते आणि त्यांना जागा सापडत नव्हती.

आर्थर आणि ग्विनेव्हिअर दोघं मिळून, साधी माणसं मन रमवायला काय करतात, असं एकमेकांना विचारत गातात, त्या गाण्याचा आशय पत्रकात ‘हलकंफुलकं’ असा दिला होता. तो शब्द चुकीचा पडला. दोघांनाही सगळं माहीत आहे आणि दोघंही एकमेकांपासून लपवतायत. शब्द हसरे असले तरी प्रसंग फार उदास आहे. ‘हलकंफुलकं’ वाचून आलेल्यांना तिथे हसावं की नाही ते समजेना.

चर्चा रात्री सव्वानऊनंतर सुरू झाली, हा सर्वांत मोठा दोष. तीन तासांच्या चित्रपटानंतर बोलायला बसणाऱ्यांत घर जवळ असलेलेच उरतात. ती दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला, त्याच सभागृहाच्या लहान खोलीत ठेवता आली असती. ती खोली मोठ्या सभागृहाच्या भाड्यातच मिळत होती. तेव्हा राणीच्या खटल्याचा आणि शेवटच्या रणभूमीवरच्या भेटीचा असे दोन तुकडे पुन्हा लावून बोलता आलं असतं. परवानगीच्या अर्जात हा दुसरा खेळ आधीच नमूद करावा लागेल.